न्यूनेनमधली गार फरशी

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनी जरा पुढं सरकावं. टाळ मांडीवर ठेवा, ते नंतर वाजवू, आधी कान द्या. रोज आपण पुराणातल्या राजांच्या कथा ऐकतो. आज एका फरशीची गोष्ट सांगतो. घर आपल्याच माणसांचं, गाव मात्र हॉलंडमधलं न्यूनेन. गोष्टीत खून नाही, चोरी नाही, पण अपराध आहे. अपराधी कोण ते मी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकणार आहे. आणि तरीही शेवटाला पोहोचेपर्यंत तुम्ही म्हणाल, हे काही आम्ही धरलं नव्हतं.

१

डिसेंबरातला सिंटरक्लासचा सण होऊन एकच दिवस झाला होता. बाहेर उणे सहा. पहाटे साडेसहाच्या सुमारास भार्गवीला धप्प असा आवाज आला. ती अनवाणीच जिना उतरून मागच्या खोलीकडे धावली.

शोभाताई, म्हणजे तिच्या सासूबाई, पलंगाशेजारी फरशीवर पडल्या होत्या. उजवा पाय भलतीकडेच वळलेला. ओरडत नव्हत्या, तोंडानं नुसतं देवाचं नाव चाललं होतं. भार्गवीनं त्यांच्या तळव्यांना हात लावला आणि झटकन मागं घेतला. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या भांड्यासारखे होते ते पाय.

"उठायला गेले गं," त्या म्हणाल्या, "पण पाय खाली आहेत की नाहीत तेच कळेना."

हरीश मागून आला. त्यानं अँब्युलन्सला फोन केला, आईच्या अंगावर दोन रजया घातल्या. मग पॅसेजमध्ये येरझारा घालताना त्याची नजर दाराबाहेरच्या थर्मोस्टॅटवर गेली. मागच्या खोलीची फरशी तापते, तिचा तो थर्मोस्टॅट. रोज तिथं बावीस असायचे. आज बारा होते.

"हे कुणी केलं?"

"मी नाही," भार्गवी म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाली.

जिन्यावर सुयश उभा होता. हरीशचा मावसभाऊ, सत्तावीस वर्षांचा, आइंडहोवनमध्ये नोकरी. भाड्यानं घर मिळेना म्हणून आठ महिने त्यांच्याच माळ्यावरच्या खोलीत राहत होता. घरभर दिवे मालवत फिरायचं त्याला वेड. हरीशनं त्याच्याकडे पाहिलं. सुयशनं एकदा भार्गवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मोज्यांकडे. बोलला काहीच नाही.

"तुझं ते पर्यावरण," हरीश दात आवळून म्हणाला, "माझ्या आईच्या जिवावर करायचं होतं का?"

तर मंडळी, शब्द दिल्याप्रमाणे सांगतो. ते बारा भार्गवीनं केले होते. आदल्या संध्याकाळी चार पाहुण्यांसमोर सासूबाई तिला बोलल्या, "हिच्या हातानं दहीसुद्धा लागत नाही." जेवणं आटपल्यावर, ओट्यावर फडकं मारून झाल्यावर, जाता जाता तिनं थर्मोस्टॅटचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, दहादा. "घ्या," असं पुटपुटली. सकाळी लवकर उठून परत बावीस करायचे, असंही ठरवलं होतं. पण गजर ऐकूच आला नाही.

२

दहा दिवस गेले. शोभाताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिथून त्यांना आइंडहोवनच्या एका पुनर्वसन केंद्रात हलवलं. शुक्रवारी घरी सोडणार होते. दीड महिना विमानात बसायला मनाई, म्हणजे परत त्याच मागच्या खोलीत.

सुयश गेला होता. हरीश त्याला जा म्हणाला नाही, फक्त "तुला दुसरीकडे बघता येईल का?" असं विचारलं, आणि त्याच रविवारी सुयश दोन बॅगा घेऊन निघाला. कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावी एका मित्राच्या सोफ्यावर झोपायचा. तिथून रोज रॉटरडॅममार्गे आइंडहोवन, जायला दीड तास, यायला दीड. जाताना तो भार्गवीला वाकून नमस्कार करून गेला.

आणि एक गोष्ट कुणालाच उमगत नव्हती. हरीशनं त्याच सकाळी थर्मोस्टॅट परत बावीसवर नेला होता. दहा दिवस बावीसच होते. फरशी मात्र अजून बर्फासारखी.

बॉयलरवाला येऊन गेला. त्यानं बॉयलर उघडला, वाफाळती कॉफी प्यायला, "बॉयलर उत्तम आहे" म्हणाला आणि गेला.

"म्हणजे सुयशनं नुसतं कमी नाही केलं," हरीश म्हणाला. "काहीतरी करून ठेवलंय त्यानं."

भार्गवी भाजी चिरत होती. तिचे हात थांबले. बटण दहादा दाबलं होतं, तेही रागानं, अंगठा दुखेपर्यंत. त्यात आत काही मोडलं असेल का? आपल्यापायी आईंचं हाड गेलं, एका पोराचं छप्पर गेलं, आणि वर आता ही खोलीही गेली?

"समताला बोलावतो," हरीश म्हणाला.

भार्गवीला नको म्हणायचं होतं. कारण काय सांगणार?

३

समता चार गल्ल्या पलीकडे राहायची. आइंडहोवनमध्ये विजेच्या संशोधनात काम करायची, पण त्याआधीचं तिचं शिक्षण घरचंच होतं. वडील वीज मंडळात वायरमन, परभणीकडे. लहानपणी त्यांची पिशवी धरून ती खांबाखाली उभी राहायची. सायकल कुंपणाला लावून ती आत आली, बूट काढले, आणि थर्मोस्टॅटकडे ढुंकूनही न पाहता मोज्यांनीच खोलीभर हिंडली.

"हरीश, ही फरशी पाण्यानं तापते की विजेनं?"

"पाण्यानंच. बॉयलर भिंतीपलीकडेच तर आहे."

"पाण्याची असली की कुठंतरी नळ्यांचा झुबका असतो, एकातून पाच-सहा फुटलेल्या. तो दाखव."

हरीशनं सिंकखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, बॉयलरमागं टॉर्च मारला. झुबका नव्हता.

"सहा वर्षं राहतोस इथं," समता म्हणाली. "ऑफिसात चिपवरचा नॅनोमीटर दिसतो तुला, घरातली जमीन नाही दिसत."

"ही खोली आधीच्या मालकानं नंतर वाढवलेली आहे," हरीश ओशाळून म्हणाला.

पुढच्या दाराजवळच्या मीटरच्या कपाटात समतानं डोकं घातलं. स्विचांच्या रांगेत शेवटच्या एकावर बॉलपेननं 'फ्लूर' लिहिलेलं होतं, म्हणजे जमीन. कपाटाच्या दाराला आतून एक पिवळट स्टिकर: अकराशे पन्नास वॅट, सेहेचाळीस ओहम.

"विजेची आहे. टाइलखाली तारेची जाळी अंथरलेली आहे. बॉयलरवाल्याचा बिचाऱ्याचा काय संबंध?"

ती थर्मोस्टॅटपाशी आली. मोठ्या अक्षरात बावीस, शेजारी तापत असल्याची लाल खूण. तिनं एक बारीक बटण दाबून धरलं. आकडा बदलला. चौदा.

"हे काय?" हरीशनं विचारलं.

"बावीस म्हणजे तू मागतोस ते. चौदा म्हणजे फरशी खरी आहे ते. हे बटण कधी दाबलं होतंस?"

भार्गवीला आठवलं, दिवाळी झाल्यापासून आई म्हणायच्या, पाय गार पडतात रे. आणि हरीश त्यांना दंडाला धरून इथं आणून उभं करायचा. आई, बावीस आहे बघ, आकडा बघ. मग दोघं मिळून त्यांना सांगायचे, थायरॉइड असेल, मोजे घाला. दोन मोजे घाला.

समतानं मीटरच्या कपाटातला तो स्विच पाडला, थर्मोस्टॅट भिंतीतून बाहेर ओढला, आणि जमिनीकडे जाणाऱ्या दोन तारांना मल्टिमीटर लावला.

"सेहेचाळीस यायला हवेत," ती म्हणाली. "काहीच येत नाही. तार मध्ये कुठंतरी तुटली आहे."

"बटण जोरात दाबल्यामुळे तुटते का?" भार्गवीनं विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच वाटलं, हे विचारायला नको होतं.

समतानं तिच्याकडे पाहिलं. घाई न करता पाहिलं.

"नाही. बटणानं नाही तुटत."

"मग तोडली कुणी?" हरीश म्हणाला.

"कुणी, ते मागाहून. आधी मला कधी ते हवंय. या खोलीत राहत कोण होतं? त्या बाईंना कुणी काही विचारलं का?"

विचारलं नव्हतं. दहा दिवसांत औषधं विचारली, जेवण विचारलं. हे कुणालाही सुचलं नव्हतं.

४

केंद्रात शोभाताई खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. एका कानात इअरफोन, त्यातून कीर्तन चाललेलं, आणि ताल चांगल्या पायावर. भार्गवीनं डबा उघडला. दहीभात होता.

"दुकानातलं ना दही?"

"हो आई."

"वाटलंच." त्या समताकडे वळल्या. "इथली नर्स रोज विचारते, दहापैकी किती दुखतंय. मी सांगते, तीन. सून डबा घेऊन आली की सहा."

समता हसली. भार्गवीही हसली, आणि चमचा पुसून तिनं त्यांच्या हातात दिला.

"काकू, पाय कधीपासून गार पडायला लागले?"

"तारीख कशी सांगू? पाय काय डायरी लिहितात?"

"मग दह्याचं सांगा."

शोभाताई जरा सावरून बसल्या. विषय त्यांच्या आवडीचा होता.

"मी आले घटस्थापनेच्या सुमाराला. इथल्या थंडीत दही लागत नाही म्हणतात. पण माझं लागायचं. चमच्यानं कापावं असं. देवघराच्या शेजारी खाली फरशीवर पातेलं ठेवायचं, वर पंचा गुंडाळायचा. तिथं छान ऊब असायची. सकाळी दही तयार. मग पाडव्याला श्रीखंड करायचं ठरलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन लिटरचं विरजण लावलं, आणि सकाळी बघते तर दूध ते दूधच. त्यानंतर एकदाही लागलं नाही. हिनं दूध बदललं होतं."

"आई, मी दूध नंतर बदललं," भार्गवी हळूच म्हणाली. "दही लागेना म्हणून."

"आधी की नंतर, आता मला आठवत नाही," शोभाताई म्हणाल्या, आणि भार्गवीला प्रथमच वाटलं की त्यांना ते खरोखरच आठवत नसावं.

समतानं वहीत एक ओळ लिहिली. "आणि पडलात त्या रात्री? खोलीचं दार उघडं होतं की बंद?"

शोभाताईंचा ताल धरणारा पाय थांबला.

"रोज उघडंच असतं. स्वयंपाकघरातली ऊब येते. त्या रात्री मी लावून घेतलं."

"का?"

"पाहुण्यांसमोर बोलून गेले हिला. ही गप्प राहिली. मग झोपायच्या आधी आत आली नाही रोजच्यासारखी, पाण्याचा तांब्या ठेवायला. मला राग आला. आपणच बोललो आणि आपल्यालाच राग, असं माझं. दार लावलं." त्यांनी इअरफोन काढून मुठीत धरला. "आणि हे बघ, सुयशनं काही केलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या बहिणीचं पोर आहे ते. विंचवालासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारं."

"मग कुणी, काकू?"

शोभाताई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर सायकली लावलेल्या होत्या, तेवढंच दिसत होतं. भार्गवीला वाटलं, या आता मान वळवतील आणि आपल्याकडे बघतील. पण त्या बघत नव्हत्या. आणि ते न बघणंच तिला सोसवेना.

५

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसली. समतानं हरीशला वीज वापराचं ॲप उघडायला सांगितलं. हरीशनं ते मोठ्या उत्साहानं उघडलं.

"हे बघ, दिवाळीपासून आपला वापर किती उतरलाय. मी सगळे दिवे एलईडी केले ना. ऑफिसात दाखवला होता हा ग्राफ."

"एलईडीनं एवढा उतरतो? ही पायरी नाही, कडा आहे," समता म्हणाली. "कोणत्या दिवशीची आहे?"

हरीशनं बोट ठेवलं. लक्ष्मीपूजन.

"सुयशला फोन लाव."

फोन स्पीकरवर टाकला. मागं गाडीची घोषणा ऐकू येत होती. पोरगं कुठल्या तरी फलाटावर उभं होतं.

"समताताई, बोला."

"लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात विजेचं काही झालं होतं का रे?"

"झालं ना. चारच्या सुमाराला खालचा सगळा मजला बंद पडला. दादा ड्रिल मारत होता तेव्हा."

"ते शेजारच्या यान्सेन आजोबांचं ड्रिल," हरीश म्हणाला. "जुनाट. मीटरच्या कपाटातला खालच्या मजल्याचा मेन स्विच पडला, तो मी परत चढवला. ड्रिल परत देताना आजोबांना सांगूनही आलो, बिघडलंय म्हणून. त्यांनी टाकून दिलं बहुतेक."

"काम अर्धवट राहिलं?"

"नाही. दुसरं भोक सुयशच्या बॅटरीवरच्या ड्रिलनं पाडलं. तेव्हा काही झालं नाही."

"बरं. सुयश, अजून एक. काकू पडल्या त्या रात्री थर्मोस्टॅट बारावर कुणी आणला?"

फलाटावर गाडी शिरल्याचा आवाज आला. भार्गवीनं दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले होते. आता बोलावं. हेच ते क्षण असतात.

"दादाला जे वाटतं तेच धरून चाला, ताई," सुयश म्हणाला. "गाडी आली. ठेवू?"

समतानं फोन पालथा ठेवला. "हरीश, ड्रिल मारून तू केलंस काय एवढं सणाच्या दिवशी?"

हरीश मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. भार्गवीनंही पाहिलं. दारात, हळदीकुंकवाची बोटं उमटलेला, उंबरठा होता.

६

डच घरात आतल्या दारांना उंबरठा नसतो. फरशी सरळ या खोलीतून त्या खोलीत जाते. शोभाताई आल्या त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, देवघराच्या खोलीला उंबरठा नाही, मग लक्ष्मीनं पाऊल ठेवायचं तरी कुठं? हरीशनं लाकडाची सुंदर पट्टी आणली, पॉलिश केली. तो चिकटवणार होता. चिकटवलेला उंबरठा काय उंबरठा, असं आईच म्हणाल्या, पक्का बसव. म्हणून दोन स्क्रू, दोन्ही टोकांना.

समता गुडघ्यांवर बसली. "काढते हं," असं तिनं आधी विचारलं, आणि मग दोन्ही स्क्रू सोडवून पट्टी उचलून जपून भिंतीशी उभी केली. उजव्या भोकातली प्लास्टिकची गिट्टी तिनं पक्कडीनं ओढली. गिट्टीला काळपट, जळकट तांब्याचे दोन-तीन केस चिकटून आले.

"थर्मोस्टॅट दाराबाहेर उजवीकडे आहे," ती म्हणाली. "तार तिथून भिंतीत खाली उतरते आणि दाराच्या याच कोपऱ्याखालून खोलीत जाते. तुझं पहिलं भोक बरोबर तिच्यावर. ड्रिल तारेत घुसलं, म्हणून मेन स्विच पडला. तू म्हणालास ड्रिल खराब. मग भोकात प्लास्टिक बसवलंस, त्यात स्क्रू. स्क्रूचा तारेला स्पर्शच नाही, म्हणून स्विच परत चढला आणि चढलेलाच राहिला. थर्मोस्टॅटला वीज मिळते, तो लाल खूण दाखवतो, बावीस दाखवतो. खाली जमिनीला काहीच पोहोचत नाही. त्याच रात्रीचं दही लागलं नाही. त्याच दिवशी तुझा ग्राफ कड्यावरून कोसळला."

"म्हणजे दीड महिना..." हरीश म्हणाला.

"दीड महिना ती फरशी मेलेली होती. नोव्हेंबर सौम्य गेला आणि स्वयंपाकघराची ऊब उघड्या दारानं येत होती, म्हणून निभावलं. त्या रात्री बाहेर उणे सहा होते, आणि दार बंद होतं."

"आणि बारा आकडा?"

"बारा काय, तीस असते तरी फरक पडला नसता. विजेपुरतं बोलायचं तर त्या आकड्याला काही अर्थ नाही."

हरीश तिथंच, त्या नसलेल्या उंबरठ्याशी, फतकल मारून बसला. आई सांगत होती आणि आपण तिला आकडा दाखवत होतो, असं काहीतरी तो दोनदा म्हणाला. समतानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तार ती स्वतः जोडणार नव्हती. जमिनीखालचा सांधा परवान्याच्या माणसानंच करावा, असं तिनं बजावलं आणि तिथूनच एकाला फोन केला. गुरुवारी येतो म्हणाला.

भार्गवीच्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं होतं. दीड महिना. आपण दाबलं ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. आपण काहीच केलं नव्हतं. हे आता कुणाला कळायचंही कारण उरलं नव्हतं.

तेवढ्यात हरीश डोळे पुसून म्हणाला, "सुयशला फोन करतो. सांगतो, तू बारा केलेस खरे, पण त्यानं काही झालं नाही. झालं गेलं विसरू. मी त्याला माफ केलं."

मंडळी, दगड परत आला. आधीच्यापेक्षा जड होऊन आला. न केलेल्या गोष्टीची माफी त्या पोराच्या पदरात पडणार होती, आणि तो ती घेणार होता, गाडीच्या फलाटावर उभं राहून, थँक्यू दादा म्हणून.

समता बूट घालत होती. नाडी बांधायला तिला बराच वेळ लागत होता.

"त्याला माफ करू नकोस," भार्गवी म्हणाली.

"का?"

"त्यानं केलंच नाही. बारा मी केले."

७

हरीश तीन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. गुरुवारी माणूस आला, दाराच्या कोपऱ्यातली एक टाइल काढून त्यानं सांधा केला, आणि मल्टिमीटरवर सेहेचाळीस आले. संध्याकाळपर्यंत फरशीनं ऊब धरली. भार्गवी रिकाम्या खोलीत अनवाणी उभी राहिली, आणि पाय शेकत असतानाच तिला रडू आलं.

शुक्रवारी शोभाताई घरी आल्या. वॉकर धरून पलंगापर्यंत चालत गेल्या, पाय टेकले.

"आली की ऊब," त्या म्हणाल्या.

भार्गवी त्यांच्या पायांशी खाली बसली आणि सगळं सांगितलं. बटण, दहा वेळा, "घ्या" म्हटलेलं. सकाळी "मी नाही" म्हटलेलं. त्या बटणाचा उपयोग झाला नाही, हे सांगायचं तिनं टाळलं. ते हरीशनं आधीच सांगितलं होतं.

शोभाताईंनी वॉकर भिंतीशी सरकवला.

"त्या रात्री मी दार लावलं, ते तुला ऐकू जावं म्हणून जोरात लावलं होतं," त्या म्हणाल्या. "ऐकलं होतंस?"

"हो."

"हं." त्यांनी पायांवर रजई ओढली. "मी कीर्तनात रोज ऐकते, मन मोठं ठेवावं. ऐकते, मान डोलावते. पण तू मला गारठवायला निघाली होतीस, हे पचायला मला वेळ लागेल गं. आज जमणार नाही. उद्याही नाही जमायचं कदाचित. तू चहा कर."

भार्गवीनं चहा केला. मग स्वयंपाकघराचं दार लोटून सुयशला फोन लावला. काय बोलायचं ते तिनं दोनदा मनात घोळवलं होतं, पण त्यानं "वहिनी?" म्हटलं आणि सगळं विसरली.

"सुयश, त्या रात्री..."

"मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"मी पाणी प्यायला उतरत होतो. जिन्यावरून दिसलं, तुम्ही बटण दाबताना. मला वाटलं, चुकून कमी होतंय, सकाळी सांगू."

"मग हरीशला सांगितलं का नाहीस? त्यानं तुला घराबाहेर काढलं."

"दादा ओरडला तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं होतं. वाटलं, तुम्ही बोलाल. तुम्ही खाली बघत होता." तो थांबला. "मग वाटलं, मावशी दवाखान्यात निघाली आहे, आत्ता मी हे बोललो तर या घरात कोण कुणाचं राहील? माझं काय, मी माळ्यावरचा. मला जाता येत होतं."

"परत ये," ती म्हणाली. "हरीशही तेच सांगणार आहे."

"नको. डेल्फ्टला एक खोली मिळाली आहे, पहिल्या तारखेपासून. लहान आहे, पण चालेल. मावशी बरी झाली की तिला बघायला मी येईनच." आणि मग, अगदी हळू, "मी थांबलो होतो, वहिनी. इतके दिवस. रोज वाटायचं, आज फोन येईल."

फोन ठेवल्यावर तिनं चहाचं रिकामं पातेलं धुवायला घेतलं.

तर मंडळी, आता टाळ उचला. पण एक मागणं आहे. रात्री दिवा मालवताना तुम्ही आपापल्या माणसांसाठी देवाकडे हात जोडता, तेव्हा एक नाव जास्तीचं घ्या. सुयश म्हणून एक मुलगा आहे. दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन तो गाड्या बदलत राहिला, आणि रोज फोनकडे बघत राहिला. त्याची आठवण ठेवा.